बावीस सेंटिमीटरच्या पुढे

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. फूटभर लांब, पारदर्शक, प्लास्टिकची. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला टांगून ठेवायचं भोक. आपली हकिगत सांगणाऱ्या वस्तू सहसा छाती पुढे काढून सुरुवात करतात. मी मान खाली घालून करते आहे, आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. बावीस सेंटिमीटरच्या पुढे मी खरोखरच खाली झुकलेली आहे. या गोष्टीतलं सगळं पाप त्या उरलेल्या आठ सेंटिमीटरांचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी, त्याच साच्यातून माझ्या हजारभर बहिणी निघाल्या. शेवटच्या टेबलावर एक मुलगी बसलेली असे. ती प्रत्येकीला काचेवर ठेवायची, एक डोळा मिटून बघायची, आणि वाकडी असेल तिला परत कढईत टाकायची. मला तिने बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "सरळ आहे." सरळपणाचं प्रशस्तिपत्र मला आयुष्यात तेवढं एकदाच मिळालं. पुढे सगळे त्याच्यावरच विसंबून राहिले. मीसुद्धा.

बहिणी बहुतेक शाळांच्या दप्तरांत गेल्या. तिथे त्यांनी तलवारी म्हणून काम केलं, पाठ खाजवली आणि तरुणपणीच मोडल्या. मी नोकरीला लागले ती विमानतळावर.

विमानतळावर सामान तपासतात त्याच्या पलीकडे एक अरुंद खोली आहे. दारावर पाटी : 'ओळख खुलासा कक्ष'. आत एक टेबल, तीन खुर्च्या, लोखंडी कपाट आणि कधीच न उघडणारी खिडकी, जिच्यातून विमानांची फक्त शेपटं दिसतात. बाहेर सामान तपासतात, इथे माणूस तपासतात. म्हणजे असं की, एखाद्या नावाचा भामटा कुठेतरी पोलिसांना हवा असतो. त्याच नावाचा दुसरा कोणी, ज्याने जन्मात कधी दुसऱ्याची छत्रीसुद्धा ढापलेली नाही, तो विमानाने जायला निघतो. यंत्र नाव बघतं आणि लाल दिवा लावतं. यंत्राला नाव कळतं, माणूस कळत नाही. मग त्या बिचाऱ्याने अर्ज करायचा, जन्माचा दाखला जोडायचा, तीन फोटो चिकटवायचे आणि वाट बघायची. बऱ्याच महिन्यांनी त्याला एक पत्र येतं, की आपण म्हणजे आपणच आहात. ते पत्र घेऊन तो आमच्या खोलीत येतो, आणि पत्र खरं की खोटं हे आम्ही रजिस्टरात बघतो.

रजिस्टर फूटभर रुंदीचं होतं. क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि अगदी उजवीकडे शेरा. शेरे दोनच : 'जाऊ द्यावे' आणि 'रोखावे'. नावं अकारविल्हे लावलेली. त्यामुळे भला माणूस आणि त्याच नावाचा भामटा बरोबर एकाखाली एक येत, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांसारखे. मध्ये एक बारीक रेघ, आणि त्या रेघेवर मी.

खोलीत संगणक नव्हता असं नाही. पण नियम असा होता, की संगणक चुकू शकतो म्हणून अखेरचा शब्द छापील रजिस्टराचा. रजिस्टर चुकू शकत नाही, कारण त्याच्यावर सही असते.

पहिली सोळा वर्षं मी एका बाईंच्या हाताखाली काढली. बाई रोज सकाळी मला रुमालाच्या टोकाने पुसायच्या आणि म्हणायच्या, "चल गं, ऊठ. माणसं खोळंबलीत." नव्या कारकुनांना त्या दम भरायच्या, "पट्टीशिवाय या रजिस्टराला हात लावायचा नाही. डोळा घसरतो, पट्टी घसरत नाही." एकदा एका बेकरीवाल्याचा खुलासा त्यांनी चार मिनिटांत केला. तो आभार मानायला लागला तर बाई म्हणाल्या, "माझे कसले मानता, हिचे माना." आणि त्या भाबड्या माणसाने, मित्रांनो, मला चक्क नमस्कार केला. त्या नमस्काराने माझं डोकं फिरलं. मला वाटू लागलं, की रेघ सरळ आहे की नाही हे ठरवायला आता रेघेनेच माझ्याकडे यावं.

बाई निवृत्त झाल्या. मला बरोबर न्यायची त्यांची इच्छा होती, पण मी कार्यालयाच्या मालमत्तेत मोडत होते. जाताना नव्या साहेबांना त्या एवढंच म्हणाल्या, "हिला उन्हात ठेवू नका हं."

साहेब म्हणाले, "हो." हो म्हणायला कष्ट पडत नाहीत.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त किल्ल्या सापडायच्या नाहीत. शोधून शोधून वैतागले तेव्हा त्यांनी माझं शून्याचं टोक कपाटाच्या फटीत उभ्या कडेने खोचलं आणि दुसऱ्या टोकाच्या भोकात किल्ल्यांचा जुडगा अडकवला. "आता कशा हरवतात बघू," असं म्हणून हात झटकले. किल्ल्या हरवल्या नाहीत. खिडकीतून अकरा ते चार ऊन यायचं, नेमकं माझ्या किल्ल्यांकडच्या टोकावर. अख्खा उन्हाळा मी तशी लटकले. काम असलं की मला काढायचे, काम झालं की परत खोचायचे.

आधी वाटलं अंग आखडलं असेल. मग एका सकाळी मला रजिस्टरावर ठेवलं तेव्हा कळलं. शून्य ते बावीस मी एका माणसाच्या ओळीखाली होते, आणि शेऱ्याच्या रकान्यात पोचेपर्यंत त्याच्या शेजाऱ्याच्या ओळीखाली गेले होते. नाव एकाचं, शेरा दुसऱ्याचा.

मला तोंड नाही, हे खरं. पण वाकलेली वस्तू टेबलावर डुगडुगते, हाताला टोचते, काहीतरी करते. मी काही केलं नाही. मी कागदाला चिकटून राहिले. सोळा वर्षांची अब्रू होती, ती आठ सेंटिमीटरांसाठी घालवायची? कोणी बोट दाखवेपर्यंत मी सरळच, असं मी मनाशी ठरवलं. त्या दिवशी ज्याला रोखायचं होतं तो हसत हसत विमानात जाऊन बसला. सही करायला साहेबांनी त्याला स्वतःचं पेनही दिलं. ते त्याने परत केलं नाही. साहेब हळहळले, "हल्ली चांगल्या माणसांनासुद्धा वळण राहिलं नाही."

मग चष्मेवाले आले.

नाव त्यांचं मी सांगत नाही. ते नाव घेतल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. धंदा चष्म्यांचा, वय साठीच्या आसपास, खिशातून काचा पुसायचं पिवळं फडकं डोकावतंय, हातात पत्र. सकाळचे नऊ वाजले होते. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "घ्या साहेब. अकरा महिने लागले, पण मी मीच आहे असं ठरलं एकदाचं. आमच्या घरात अजून एकमत नाही, पण सरकारचं झालं."

साहेब हसले. मला काढलं, त्यांच्या नावाखाली ठेवलं आणि बोट फिरवायला सुरुवात केली. "नाव बरोबर. वडिलांचं बरोबर. तारीख बरोबर." बोट बावीसच्या पुढे गेलं आणि थांबलं.

"काका, जरा थांबावं लागेल."

"थांबतो की. अकराचं विमान आहे, तेवढं लक्षात असू द्या."

"इथे 'रोखावे' आहे."

"असं कसं? पत्रावर तर 'जाऊ द्यावे' आहे."

"पत्र तुमच्याकडे असतं, काका. रजिस्टर आमच्याकडे असतं."

चष्मेवाल्यांचं हसू उतरलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "साहेब, ऐका. माझी थोरली बहीण तिकडे इस्पितळात आहे. आईच्या मागे तिनेच मला वाढवलं. आज संध्याकाळी पाचला तिचं घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार. नंतर तिला बोलता यायचं नाही."

"किती दिवस?"

"दिवस नाही हो. कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, आवाजावर ताण नको. तर बया दोन दिवस गप्प बसलीय. पाटीवर लिहून फोटो पाठवला, आहे तेवढा आवाज शिल्लक ठेवतेय, तू आलास की तुझ्याशी बोलून संपवीन. आयुष्यात दोन मिनिटं गप्प बसली नाही कधी. दोन दिवस!"

साहेब दगड नव्हते. त्यांनी रजिस्टराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नीट बघतील. त्यांनी मला उचलून पुन्हा तिथेच ठेवलं, पुन्हा बोट फिरवलं, आणि पुन्हा तेच वाचलं. एकदा वाकडी ती दहादा ठेवली तरी वाकडीच. मग त्यांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"रजिस्टरात काय लिहिलंय?" पलीकडून आवाज आला. खोली लहान, सगळ्यांना ऐकू येत होतं.

"रोखावे."

"मग रोखा."

"पण पत्र आहे त्यांच्याकडे, आपल्याच सहीचं. तुमच्या प्रतीत बघता का?"

"आमची प्रत बांधायला गेलीय. तुमचीच प्रमाण माना."

"आणि शंका आली तर?"

"शंका आली तर रजिस्टर बघा."

चष्मेवाल्यांनी हात जोडले. "निदान तिला एक फोन तरी करू द्या."

"खुलासा होईपर्यंत मोबाइल आत ठेवावा लागतो, काका. नियम आहे. मी लवकर बघतो, देवाशपथ बघतो." साहेबांनी फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकला. त्याच्या शेजारी, त्या दिवशी किल्ल्या खिशात होत्या म्हणून, मलाही टाकलं. चष्मेवाल्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

अकराचं विमान गेलं. त्याचं शेपूट खिडकीतून सरकताना साहेबांनी मान फिरवली.

बारा वाजता तो फोन पहिल्यांदा थरथरला. काच उजळली. त्यावर दोनच अक्षरं होती : ताई. ती थरथर माझ्या अंगाला लागून होती. माझ्या मिलिमीटरच्या सगळ्या रेघांवर काटा आला. बाहेरून आवाज आला, "साहेब, वाजतोय हो! तिचा असेल!" साहेब म्हणाले, "वाजू दे, काका." एकला पुन्हा वाजला. दीडला. मग मोजणं हा माझा धर्मच असल्याने मी मोजत राहिले. सात वेळा. सातवा पाचला दहा मिनिटं कमी असताना. निरोप एकही ठेवलेला नव्हता. यंत्राशी काय बोलायचं, असं ताईंचं मत होतं, हे मला नंतर कळलं. मी त्या फोनला टेकून पडले होते आणि माझ्या टोकाएवढं बळ जरी असतं तरी त्याचं बटण दाबलं असतं, असं मनातल्या मनात म्हणत होते. मनातल्या मनात म्हणायलाही कष्ट पडत नाहीत.

सव्वापाचला साहेबांनी चष्मेवाल्यांना सहीसाठी आत बोलावलं. रोखल्याचा कागद तयार होता, त्यावर रजिस्टरातला शेरा जसाच्या तसा उतरवायचा होता. साहेबांनी मला पानावर ठेवलं आणि लिहू लागले. चष्मेवाले समोर बसले होते. डोळे लाल, पण धंदा डोळ्यांतून जात नाही. ते उलट्या बाजूने पानाकडे बघत राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही ओळ ओलांडताय."

"काय?"

"चाळीस वर्षं लोकांना ओळी वाचायला लावतोय मी. वरची ओळ वाचता वाचता माणूस खालच्या ओळीत उतरला की मला त्याच्या मानेवरून कळतं. तुमची मान शेवटी उजवीकडे झुकते."

"माझे डोळे चांगलेत, काका."

"डोळे चांगलेच आहेत. पट्टी काढा आणि नुसतं बोट न्या. न उचलता."

साहेबांनी मला बाजूला केलं. नावावर बोट ठेवलं आणि सावकाश, अगदी पहिलीतल्या पोरासारखं, उजवीकडे नेलं. शेऱ्यापाशी पोचले. ओठ हलले. 'जाऊ द्यावे.'

चष्मेवाल्यांनी मला उचललं, टेबलाच्या कडेला लावलं आणि वाकून पाहिलं. उजवीकडच्या फटीतून खिडकीचा उजेड आरपार येत होता. मी आयुष्यभर पारदर्शक होते, पण एवढी उघडी कधी पडले नव्हते.

साहेबांनी ड्रॉवर उघडून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे एका नर्सने उचलला.

"आत नेलं त्यांना. आत्ता, पाचला."

"काही... काही म्हणाली का ती?"

"मला विचारलं, भाऊ आला का? मी म्हटलं, येतील हो. मग काही नाही बोलल्या."

चष्मेवाल्यांनी फोन खाली ठेवला आणि खिशातलं पिवळं फडकं काढलं. ते काचा पुसायचं होतं. त्याने त्यांनी तोंड पुसलं. दोन दिवस साठवलेला आवाज ताईंनी एका अनोळखी नर्सपाशी खर्च केला होता, तीन शब्दांत. बाकीचा तसाच उरला आणि गेला.

पुढे चौकशी झाली. तिघांची समिती आली, स्वतःची पट्टी घेऊन. त्यांनी मला मोजलं : साडेपाच मिलिमीटर खाली, म्हणजे नेमकी एक ओळ. उन्हाळ्यापासूनची सगळी प्रकरणं काढली. एकेचाळीस जण नाहक अडकले होते आणि नऊ जण नाहक सुटले होते. सुटलेल्यांपैकी दोघांनी तर विनम्र सेवेबद्दल आभाराचं पत्र पाठवलेलं होतं. ते साहेबांच्या भिंतीवर लावलेलं होतं. समितीने काढायला सांगितलं. अहवालात लिहिलं, 'सदर चूक पट्टीच्या वक्रतेमुळे घडली. कर्मचाऱ्यांचा दोष आढळून आला नाही.' साहेबांना पोलादी पट्टी मिळाली, आणि ती कशी धरावी याचं एक दिवसाचं प्रशिक्षण. मला एका पाकिटात घालून वर चिठ्ठी लावली : 'पुरावा. हाताळू नये.' काचेच्या कपाटात ठेवलं. ऊन नाही, धूळ नाही, किल्ल्या नाहीत. मित्रांनो, उभ्या जन्मात माझी एवढी निगा कोणी राखली नव्हती. मी लाजेने आणखी वाकले असते, पण आता तेवढी ऊबही मिळत नव्हती.

दोन महिन्यांनी चष्मेवाले पुन्हा त्या दारात उभे राहिले. ते तिकडून परत येत होते आणि यंत्राने त्यांच्या नावावर, आपल्या धर्माला जागून, लाल दिवा लावला होता. सोबत एक उंच, हाडकुळ्या बाई होत्या. गळ्याभोवती रुमाल, गळ्यातच दोरीने लटकवलेली छोटी वही. बहिणीला ते आपल्या घरी राहायला आणत होते.

पोलादी पट्टीने खुलासा दीड मिनिटात झाला. साहेब मात्र उभेच राहिले. "ताई," ते म्हणाले, "मी त्या दिवशी... म्हणजे अहवालात आलंच आहे सगळं... ती पट्टी वाकडी होती."

ताईंनी वहीत लिहिलं आणि भावाला दाखवलं.

"दाखवा म्हणते पट्टी," चष्मेवाले म्हणाले.

"ती हाताळता येत नाही. पुरावा आहे."

ताईंनी नुसतं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी किल्ली शोधली. बराच वेळ शोधली. मग पाकीट उघडून मला त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी मला डोळ्यापुढे धरलं, एक डोळा मिटला आणि माझ्या कडेवरून पार टोकापर्यंत पाहिलं. मी वाट बघत होते. मोडतील, फेकतील, काहीतरी करतील. मला ते हवं होतं.

त्या हसल्या. तोंड उघडलं, खांदे हलले, हात हलला, त्या हातात मी हलले, आणि आवाज काहीच आला नाही. चष्मेवाले खाली बघत म्हणाले, "पूर्वी ही हसली की शेजारचे खिडकी उघडून विचारायचे, काय झालं."

मग ताईंनी वही टेबलावर ठेवली, एक वाक्य लिहिलं आणि वही साहेबांकडे फिरवली. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, कारण वाचताना बोट फिरवायची आणि पुटपुटायची त्यांना सवय होती.

"हिचा काय दोष? हिला वाचता कुठे येतं?"

साहेबांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "खरंय, ताई. वाचलं मी होतं." अहवालात जे तिघांना सापडलं नव्हतं ते त्यांना तिथे उभ्या उभ्या सापडलं. ताईंनी मान हलवली, मला हलकेच पाकिटात सरकवलं, वरून दोन बोटांनी थोपटलं आणि भावाच्या हाताला धरून निघून गेल्या.

मित्रांनो, त्या थोपटण्याची जागा अजून दुखते. त्या माऊलीने मला ज्या कारणासाठी सोडलं, ते कारण खोटं आहे. इतकी वर्षं ओळीओळींवर अंग टाकून पडल्यावर दगडालाही अक्षर कळेल. त्या दिवशी वरची ओळ मी वाचली होती. खालचीही वाचली होती. 'जाऊ द्यावे' माझ्या वर होतं, साहेबांच्या बोटापासून साडेपाच मिलिमीटरवर, आणि मी गप्प होते. माझ्याकडे आवाज नव्हता म्हणून नव्हे. मला सरळ म्हणवून घ्यायचं होतं म्हणून.

आम्हा जुन्या वस्तूंना जपा, असं बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतील. सांगोत बापड्या. माझी विनवणी वेगळी आहे. जपण्याआधी आम्हाला उजेडात धरून एकदा बघा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. कोणी कितीही नमस्कार केलेली वस्तू असो, मोजायच्या आधी तिला मोजा. ती आपणहून काही सांगेल, या भरवशावर राहू नका. आम्ही सांगत नाही.